गाईला चालणारे गवत घोड्याला चालेलच असे नाही

दसरा उलटला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि ठाणे-पालघरच्या माळांवर गवतकापणीला वेग येतो. कापलेले, वाळवलेले, गाठी बांधलेले गवत दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरभरून तबेल्यांकडे निघते. त्यातले बहुतेक म्हशींच्या गव्हाणीत पडते. थोडे घोड्यांच्या वाट्याला येते. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये माणसे आणि सामान वाहणारे घोडे, वरातीतले घोडे, रेसकोर्सवरचे आणि घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबांतले घोडे, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घरी आणलेले घोडे हे सगळे त्याच बाजारावर जगतात.

देशात घोडे कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या मानाने ही घट जवळजवळ ४५ टक्क्यांची होती. घोड्यांबरोबर त्यांच्या चाऱ्याची पारख असलेले जुने मोतद्दारही कमी झाले. गवत विकणारा आता मुख्यतः दुधाच्या धंद्याचा माणूस असतो. एखाद्या गाठीबद्दल शंका काढली तर तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘‘अहो, म्हशी आवडीने खातात की!’’ खातही असतील. पण घोड्याच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबता येत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या पोटात आहे.

गाय-म्हैस रवंथ करते. तिने गिळलेला घास आधी कोठीपोटात जातो, तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव त्याच्यावर काम करतात आणि काही विषारी द्रव्येही तिथल्या तिथे मोडून टाकतात. घोड्याचे तसे नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान आणि एकच कप्प्याचे. चारा आंबवण्याचे काम फार पुढे, मोठ्या आतड्यात होते. तोपर्यंत घासातले जे काही रक्तात जायचे ते जाऊन चुकलेले असते. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले परत वर येत नाही. कुत्रा किंवा माणूस ओकून मोकळा होतो; घोड्याला वाईट घास शेवटपर्यंत पचवावा लागतो, नाहीतर पोटशूळ सोसावा लागतो. घोड्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत पोटशूळ आहे, हे घोडेवाल्यांना सांगायला नको.

म्हणून गवत बंद करून नुसत्या हरभऱ्या-कोंड्यावर घोडा ठेवायचा, हाही मार्ग नाही. त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते, आणि ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. घोडा दिवसभर थोडेथोडे चघळत राहावा अशीच त्याची घडण आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज, हे साधारण प्रमाण. ३०० किलोच्या तट्टाला म्हणजे वाळलेले गवत दिवसाला ५ ते ७ किलो. वर्षाला दोन टनांच्या आसपास जाणारी ही वस्तू आपण नुसती नजर टाकून विकत घेतो.

नजर काय सांगते? हिरवट रंग म्हणजे गवत वेळेवर कापले आणि लवकर वाळले. पण गाठीचा बाहेरचा थर उन्हाने पांढरा पडला असेल तर घाबरू नये. उन्हात रंग जातो, अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन कमी होते, पण त्याच उन्हामुळे ड जीवनसत्त्व वाढते. खरा प्रश्न आतल्या गवताचा. म्हणून गाठ फोडल्याशिवाय सौदा करू नये. दहा गाठी घ्यायच्या असतील तर वरची सजवलेली सोडून मधली एखादी फोडायला सांगावी. जो विक्रेता याला नकार देतो त्याने निम्मे उत्तर दिलेलेच असते.

आत हात घालून काड्या मुठीत दाबाव्यात. कोवळ्या फुलोऱ्यात कापलेल्या गवताची काडी वाकते, हाताला बोचत नाही, पाने टिकून असतात. बी गळून गेल्यावर कापलेल्या गवताची काडी काटकीसारखी कडक होते. पोषण बहुतेक पानांत असते आणि ती गळून गेलेली असतात. आपल्याकडे ही फार नेहमीची तक्रार आहे. पाऊस पूर्ण थांबेपर्यंत कापणी करता येत नाही, आणि तो थांबेपर्यंत डोंगरी गवत जून होऊन जाते. त्यातही कुसळी गवत जास्त असेल तर वेगळाच त्रास. त्याची टोकदार कुसळे घोड्याच्या हिरड्यांत, जिभेखाली रुततात, जखमा होतात. घोडा चाऱ्यापाशी जातो, घास तोंडात घेतो आणि टाकून देतो. मालकाला वाटते, माज आला. तोंड उघडून पाहिले की कारण दिसते. मारवेल किंवा पवन्याचे गवत, वेळेवर कापलेले, मिळाले तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

जून गवत मात्र फार तर निकस असते. ते सहसा घोड्याला मारत नाही. ओले गवत मारू शकते.

कापलेले गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशी काही काळ श्वसन करत राहतात, साखर जाळतात, उष्णता सोडतात. गाठ बांधताना ओलावा १५ ते १८ टक्क्यांच्या आत असेल तर हे हळूहळू थांबते. २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाची एक सर कापून पडलेल्या गवतावर आली, वरून ते सुकल्यासारखे दिसले आणि माणसे घाईने गाठी बांधायला लागली, की त्या वर्षीचे गवत बिघडले म्हणून समजावे. कोकणातल्या हवेतली दमट उरलेले काम पुरे करते.

ओलावा मोजायला यंत्रे मिळतात, पण घरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो. गाठीच्या पोटातून काढलेले गवत बारीक कापून बरोबर १०० ग्रॅम वजन करावे, ओव्हनमध्ये कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवून थोडा थोडा वेळ तापवावे आणि दर वेळी वजन करावे. वजन उतरायचे थांबले की झाले. १०० चे ८६ उरले तर ओलावा १४ टक्के. ७८ उरले तर ती गाठ परत पाठवावी. गवत जळू देऊ नये आणि वास घरभर पसरला तर तक्रार या स्तंभाकडे करू नये.

बुरशी नेहमी पांढऱ्या-काळ्या डागांनी दिसतेच असे नाही. पुष्कळदा गाठ सोडताना उडणारी धूळ हीच बुरशी असते. मातीची धूळ जड असते, लवकर खाली बसते. बुरशीचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की उन्हाच्या तिरपेत धुरासारखे तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो आणि तोंड तर गवतातच खुपसून उभा असतो. वर्षानुवर्षे असे गवत खाल्लेल्या घोड्याला चाऱ्याच्या वेळी खोकला येतो, उभ्या उभ्या नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना पोटाच्या स्नायूंना जोर लावावा लागतो आणि पुढे पुढे बरगड्यांच्या कडेने त्या स्नायूची रेघ उमटते. पूर्वी याला नुसती ‘धाप’ म्हणत. पशुवैद्यक आता त्याला घोड्यांचा दमा म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस सर जॉन फ्लॉयर या इंग्लिश वैद्याने माणसाच्या दम्यावर ग्रंथ लिहिताना धाप लागणाऱ्या घोडीच्या फुफ्फुसांचा दाखला दिला होता. औषधांनी हा दमा आटोक्यात येतो, पण चारा आणि तबेल्यातली हवा बदलल्याशिवाय औषधांचा फार उपयोग होत नाही.

इथे वास घेण्याबद्दल एक सूचना. जुनी माणसे गवताची मूठ नाकाशी धरून हुंगत. चांगल्या गवताचा गोडसर वास खरोखरच ओळखू येतो आणि कुबट वास तर लपत नाहीच. पण मूठ नाकाला लावू नका. हातभर अंतरावरून येईल तेवढा वास पुरे. कारण हीच बुरशी माणसालाही सोडत नाही.

१९३२ साली जे. एम. कॅम्पबेल या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या काही शेतमजुरांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पावसात भिजून बुरसलेल्या गवतात काम केल्यावर त्यांना धाप लागली होती. ‘शेतकऱ्याचे फुफ्फुस’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या आजाराचे हे आधुनिक वैद्यकातले पहिले ठळक वर्णन मानले जाते. तापलेल्या गवतात वाढणाऱ्या, उष्णता आवडणाऱ्या जिवाणूंविरुद्ध आणि बुरशीविरुद्ध फुफ्फुस स्वतःच पेटून उठते. गवत हाताळल्यावर साधारण चार ते आठ तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटते. एक-दोन दिवसांत बरे वाटते. पुन्हा गाठ फोडली की पुन्हा तेच. फ्लू झाला, हवा बदलली, असे म्हणत वर्षे जातात आणि फुफ्फुसाला कायमचे व्रण पडतात. तबेल्यात काम करणाऱ्या माणसाला वारंवार असा ताप येत असेल तर डॉक्टरांना आपले काम काय आहे हे आपणहून सांगावे. ते नेहमी विचारतीलच असे नाही. गाठी मोकळ्या हवेत फोडाव्यात, घोडा बाहेर असताना फोडाव्यात, आणि फोडणाऱ्याने तोंडाला रुमाल न बांधता एन-९५ मास्क लावावा. रुमालातून बीजाणू सहज आत जातात. (जाता जाता: ‘हे फीव्हर’ म्हणून इंग्रजीत प्रसिद्ध असलेल्या आजाराचा वाळलेल्या गवताशी संबंध नाही आणि ताप तर त्यात येतच नाही. ती परागकणांची ॲलर्जी आहे.)

थोडी धूळ असलेले पण बुरसलेले नसलेले गवत पाण्यात भिजवून देता येते. दहा ते तीस मिनिटे पुरतात. बीजाणू काडीला चिकटून बसतात आणि श्वासात न जाता पोटात जातात. रात्रभर भिजवले तर साखर आणि खनिजे पाण्यात उतरून जातात. खुरांच्या दाहाने आजारी असलेल्या लठ्ठ घोड्याला ते हवेच असते. राबणाऱ्या, हाडे दिसणाऱ्या तट्टाला मुळीच नको. आपल्या उन्हाळ्यात भिजवलेले गवत काही तासांत आंबते, म्हणून तेवढ्यापुरतेच भिजवावे आणि ते पाणी ओतून द्यावे. दिसती बुरशी असेल तर भिजवूनही काही सुधारत नाही. तशी गाठ खतात घालावी.

ओल्या गवताचा आणखी एक धोका गोठ्याच्या पलीकडे जातो. गाठी किंवा गंजी आतून तापत जाते. जिवाणू तिला साठ-सत्तर अंशांपर्यंत नेतात आणि स्वतः मरतात. त्यापुढे रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही आठवड्यांनी गंजी आपोआप पेट घेऊ शकते. गावात गंजी जळाली की पहिला संशय भावकीवर जातो. दर वेळी भावकीच असते असे नाही. नवीन गवत रचल्यावर पहिले महिना-दीड महिना गंजीच्या पोटात लोखंडी सळई खुपसून ठेवावी आणि पंधरा मिनिटांनी काढून हातात धरावी. धरवत नसेल एवढी तापली असेल तर गंजी उपसायला धावू नये, कारण आत हवा गेली की भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवावे. तेवढे न तापता नुसतेच भाजल्यासारखे तपकिरी झालेले, तंबाखूसारखा किंवा जळक्या गुळासारखा वास येणारे गवत जनावरे आवडीने खातात. त्यातली प्रथिने मात्र साखरेशी बांधली जाऊन पचेनाशी झालेली असतात. म्हणजे ‘आवडीने खातात’ हा पुरावा इथेही उपयोगाचा नाही.

गवतात गवताखेरीज काय आहे, हे पाहणे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे. चरताना घोडा ओठांनी निवडून खातो, कडू झुडपे टाळतो. वाळल्यावर ही निवड फसते. ब्रिटनमध्ये रॅगवर्ट नावाचे पिवळ्या फुलांचे तण यासाठी कुप्रसिद्ध आहे: ओले असताना कडू म्हणून घोडा तोंड लावत नाही, वाळले की कडवटपणा जातो, विष तसेच राहते आणि यकृत हळूहळू निकामी होते. त्याच जातीची विषे आपल्या ओळखीच्या खुळखुळ्याच्या काही प्रजातींत असतात. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात खुळखुळ्याच्याच भाऊबंदांनी घोडे मारले आणि तो रोग त्या भागाच्या नावाने ओळखला जातो. वाळलेल्या शेंगा हलवल्या की वाजतात, तेव्हा गाठीतून असा आवाज आला तर थांबावे. घाणेरी, धोतरा, गाजर गवत हेही निवडून काढावे.

शहरातल्या घोड्यांना सगळ्यात मोठी भीती कण्हेरीची. रस्त्याच्या दुभाजकांवर, सोसायट्यांच्या कुंपणाला ती सर्रास असते. तिची मूठभर वाळकी पानेसुद्धा घोड्याचे हृदय बंद पाडायला पुरतात. म्हणून कोणी ‘बागेतले गवत कापले आहे, घोड्यांना घेऊन जा’ असे प्रेमाने सांगितले तरी नम्रपणे नको म्हणावे. यंत्राने कापलेले हिरवळीचे ओले गवत ढिगात तासा-दोन तासांत आंबू लागते, हे आणखी एक कारण. आणि गाठीत मेलेला उंदीर किंवा साप सापडला तर तेवढा भाग काढून बाकीचे घालण्याचा मोह टाळावा. सडलेल्या प्राण्याभोवती बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते आणि त्याला घोड्याइतके नाजूक जनावर क्वचितच. जीभ लुळी पडणे, पाणी गिळता न येणे ही सुरुवात. पुढे बहुतेकदा वेळ उरत नाही. सगळी गाठ टाकावी.

आता ज्याबद्दल आपल्याकडे सर्वात कमी बोलले जाते ते. संकरित नेपिअर, गिनी, पॅरा, सेटारिया, अगदी कोरडवाहू भागात वाखाणले जाणारे अंजन गवतसुद्धा, गाई-म्हशींसाठी उत्तम. या उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्झलेट बरेच असू शकते. ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते मोडून टाकतात आणि कॅल्शियम सुटते. घोड्याच्या लहान आतड्यात, जिथे कॅल्शियम शोषले जायचे, तिथे हे कोणी करत नाही. मग शरीर कॅल्शियम हाडांतून काढते. महिन्यांमागून महिने हे चालले की घोडा कारण नसताना लंगडतो, आज या पायाने, उद्या त्या. दात हलतात. शेवटी जबड्याची आणि नाकाच्या बाजूची हाडे सुजून चेहरा जाड दिसू लागतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये अशाच गवतांच्या कुरणांवर चरणाऱ्या घोड्यांत ‘मोठे डोके’ म्हणून हा रोग चांगलाच माहीत झाला.

आपल्याकडे यात भर पडते ती गव्हाच्या कोंड्याची. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो आणि जादा फॉस्फरस कॅल्शियमला आणखी मागे खेचतो. घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी नसावे, दीड-दोन पट असेल तर उत्तम. युरोपात पिठाच्या गिरण्यांचे घोडे भरपूर कोंडा खाऊन याच रोगाने लंगडे व्हायचे. सकाळ-संध्याकाळ कोंड्याचा तोबरा आणि वर हिरवेगार नेपिअर, असा आहार देणारा मालक कंजूष नसतो. उलट घोड्यावर खर्च करणारा असतो. घोडा मात्र आतून पोकळ होत जातो. कोंडा कमी करणे, नेपिअरऐवजी साधे डोंगरी गवत मुख्य ठेवणे आणि जोडीला थोडा लसूणघास देणे, इतक्याने पुष्कळ फरक पडतो, कारण लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते. चुनखडीची भुकटी किंवा खनिज मिश्रण किती द्यायचे ते पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

या एका बाबतीत डोळा, नाक, हात सगळे हरतात. ऑक्झलेट दिसत नाही, वासही येत नाही आणि गवत वाळवल्याने ते जात नाही. तीच गोष्ट नायट्रेटची. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातल्या सायनाइडमुळे गुरांना किराळ लागते. ते विष कडबा वाळला की बरेचसे उडून जाते. दुष्काळात वाढ खुंटलेल्या पिकात साठलेले नायट्रेट मात्र वाळल्यावरही तसेच राहते. त्याचा फटका घोड्यापेक्षा गाईला जास्त बसतो, इतपत न्याय निसर्गाने केला आहे. दहा-वीस घोड्यांचा वर्षभराचा चारा एकदम घेणाऱ्याने एकदा तरी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि कृषी विद्यापीठांत चौकशी करावी. नमुना एका गाठीचा नको. पंधरा-वीस गाठींच्या पोटातून थोडेथोडे काढून एकत्र करावे. प्रथिने, तंतू, कॅल्शियम आणि फॉस्फरस एवढे समजले तरी खुराकाचा खर्च कुठे वाचवता येईल ते कळते.

घरी आणलेले गवत जमिनीवर रचू नये. खाली लाकडी फळ्या किंवा विटा घालून हवा खेळती ठेवावी, भिंतीपासून हातभर दूर. प्लास्टिकच्या ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेली गंजी पावसाळ्यात आतून घामाघूम होते. नवे गवत एका दिवसात सुरू न करता जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे, कारण मोठ्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. आणि प्रत्येक खेपेतले मूठभर गवत कागदी पिशवीत घालून, वर तारीख आणि विक्रेत्याचे नाव लिहून कोरड्या जागी टांगून ठेवावे. घोड्याने अचानक चारा सोडला, लाळ गाळू लागला किंवा पोटाकडे वळून पाहू लागला, तर त्या खेपेचे गवत गव्हाणीतून काढून पशुवैद्यकाला बोलवावे आणि ते येताच ती पिशवी त्यांच्या हातात द्यावी.